बाबांचा डावा पाय

पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करायचं सरकारने ठरवलं, तेव्हा बराच विचार केला होता. हवेचा केला, फुप्फुसांचा केला, बाहेरून आणाव्या लागणाऱ्या तेलाचा केला, रस्त्याकडेच्या झाडांचाही केला. ते धोरण मी मुळापासून वाचलंय आणि इतकं समजूतदार सरकारी लिखाण मी दुसरं पाहिलेलं नाही. फक्त माझ्या बाबांच्या डाव्या पायाचा विचार तेवढा राहून गेला.

बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, आणि धोरणाचा पहिला टप्पा नेमका ड्रायव्हिंग स्कूलचा होता. माणसं जुन्या गाडीवर शिकून बाहेर पडली तर ती पुढे जुनीच गाडी मागणार, असा त्यामागचा विचार, आणि विचार म्हणून तो बिनतोड होता. वर्ष संपायच्या आत शाळेत विजेची गाडी हवी आणि शिकवणाऱ्याने त्या गाडीवर नव्याने परीक्षा द्यायला हवी, नाहीतर शाळेचा परवाना रद्द. बाबांनी ही बातमी मोठ्याने वाचली, पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "विजेच्या गाडीला क्लच नसतो."

ते अशा आवाजात म्हणाले, की स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "कोण गेलं?"

ज्यांना क्लच माहीत नाही अशा भाग्यवान मंडळींसाठी सांगतो. जुन्या गाडीत पायाशी तीन पेडल असतात. उजव्या पायाला दोन, वेगाचं आणि ब्रेकचं. डाव्याला एकच, क्लच. गिअर बदलताना तो दाबायचा आणि मग हळू, फार हळू सोडायचा. झटक्यात सोडला की गाडी एक उडी मारते आणि बंद पडते. एवढंच. पण या 'एवढंच'वर बाबांनी आयुष्य उभं केलं होतं. बाकीचे लोक गाडी शिकवायचे. बाबा क्लच शिकवायचे, गाडी आपोआप मागोमाग यायची. 'गाडी इंजिनावर नाही, डाव्या पायावर चालते' असं आमच्या पाटीवर रंगवलेलं होतं. पाण्याच्या टाकीपाशी एक खडा चढ आहे. तिथे बाबा ब्रेकला पाय न लावता, नुसत्या अर्ध्या दाबलेल्या क्लचवर गाडी जागच्या जागी धरून ठेवत आणि एका हाताने बशीतला चहा सावकाश पीत. गाडी पुढे नाही, मागे नाही. चहाला तरंगसुद्धा नाही. हे बघून मोठमोठी माणसं गप्प होत.

माणसाची पारखही ते त्या पायावरूनच करत. ताईने लग्न ठरवलं तेव्हा बाबांनी मुलाला नोकरी, घर, काही म्हणजे काही विचारलं नाही. त्याला टाकीच्या चढावर नेलं. परत आल्यावर म्हणाले, "घाई करत नाही. चालेल."

अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो. माझ्या पायाखाली क्लच आला की गाडी बेडकासारखी चौकापर्यंत जायची आणि तिथे प्राण सोडायची. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याच्या मुलाकडे लायसन नाही ही गोष्ट बाबांनी शहरापासून लपवून ठेवली होती. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "तो अजून शिकतोय," आणि ते अशा सुरात, की ऐकणाऱ्याला वाटावं मी परदेशात डॉक्टरेट करतोय. प्रत्यक्षात मी एका बँकेच्या फोनवरून लोकांना 'कृपया थांबा' असं सांगायची नोकरी करतो आणि बसने जातो.

"शाळा बंद करू," बाबा म्हणाले. "झालं एवढं पुष्कळ झालं."

"आणि दिवसभर काय करणार?" आई म्हणाली.

 बाबांना न शिकवता बसलेलं आम्ही एकदाच पाहिलंय, त्यांना ताप आला होता तेव्हा. आणि तेव्हाही पांघरुणाखाली डावा पाय चालूच होता. हा माणूस कायमचा घरी बसला तर कशाकशाला हळू सोडायला सांगेल याची यादी माझ्या डोळ्यांपुढून गेली: नळ, दार, फ्रिजचा दरवाजा. पण आई जे बघत होती ते मला दिसत नव्हतं. ती बाबांच्या हातांकडे बघत होती. पेपराची घडी घालून झाली होती तरी ते घडी घालतच होते.

दुसऱ्या दिवशी आई एकटीच जाऊन विजेची गाडी ठरवून आली.

गाडी ठरवणं सोपं. तिला चार्ज करायला खाली पार्किंगमध्ये एक प्लग हवा होता. प्लग म्हणजे भिंतीला भोकं. पण ती भिंत तळमजल्यावरच्या दंतवैद्यांच्या दवाखान्याची होती, आणि दंतवैद्य आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही होते. त्यांनी शंका काढली, की पेशंटचं तोंड उघडं असताना गाडीने सगळी वीज पिऊन टाकली तर ते तोंड मिटवायचं कोणी. कमिटीने विचार केला आणि ठरवलं, की आधी वीज कार्यालयाची परवानगी आणा. वीज कार्यालय म्हणालं, आधी कमिटीची परवानगी आणा. मी दोन्हीकडे खेपा घातल्या. माझ्या नोकरीमुळे 'कृपया थांबा' हे मला कोणत्याही आवाजात ओळखता येतं, पण ते समोरून ऐकताना इतकं लागतं याची कल्पना नव्हती. मी शपथेवर सांगतो, त्या दिवसापासून मी फोनवर ते जरा प्रेमाने म्हणतो.

शेवटी आईने एका फोनवर कमिटीच्या कारकुनाला लावलं, दुसऱ्या फोनवर वीज कार्यालयाच्या कारकुनाला लावलं, दोन्ही फोन टेबलावर एकमेकांना टेकवून ठेवले आणि ती भाजी चिरायला निघून गेली. परत आली तेव्हा परवानगी मिळाली होती. शिवाय ते दोघे एकाच शाळेत, एकाच बाकावर होते हेही निघालं होतं आणि त्यांचं रडून झालं होतं. माझी आई कुठल्या मोठ्या पदावर नाही हे देशाचं नुकसान आहे, असं माझं पूर्वीपासूनच मत होतं. त्या दिवशी ते पक्कं झालं.

गाडी आली ती एका सकाळी. पांढरी, गुळगुळीत आणि अजिबात आवाज न करता. आईने गॅलरीतून बघितलं आणि म्हणाली, "जावईबापू आले."

"जावई कसे काय?" मी विचारलं.

"तोंडातून शब्द नाही, येताना कागदपत्रं फार, आणि रात्रभर खायला घालायचं. वर आपल्याला काही बोलायची सोय नाही."

ताईचा नवरा तिथेच बसला होता. तो जरा वेळाने हसला. त्याच्यात घाई नाहीच.

शोरूमने गाडीबरोबर शिकवायला एक टाय घातलेला तरुण पाठवला होता. विजेच्या गाडीचं वेगळं लायसन सरकारने काढलं होतं आणि ते आमच्या भागात फक्त या टायवाल्याकडे आणि परिवहन कार्यालयातल्या परीक्षकांकडे होतं. जुन्या लायसनवर चालवायची बाकीच्यांना वर्षभर सूट होती, शाळावाल्यांना नव्हती. म्हणजे बाबा या वर्गात शिकाऊ. ज्या माणसाने अर्ध्या शहराच्या गाडीमागे लाल 'एल'ची पाटी लावली, त्याच्या गाडीमागे ती पाटी मी स्वतः लावली. लावताना मी इकडे तिकडे बघितलं. सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या.

बाबा पुढे, टायवाला शेजारी, मी मागे, आणि दुकानातून अंडी घेऊन आलेली आई "सोडा मला दारापर्यंत" म्हणून माझ्या शेजारी. बाबांनी आरसा नीट केला, सीट पुढे घेतलं, पट्टा लावला, बटण दाबलं आणि वाट बघत बसले.

"सुरू झालीये, सर," टायवाला म्हणाला.

"आवाज कुठाय?"

"नसतो, सर."

बाबांनी खात्री करायला पुन्हा बटण दाबलं. गाडी बंद झाली. असं काही वेळ चाललं. मग गाडी निघाली, आणि खरं सांगतो, इतकी हळुवार निघाली की बाबांनी "वा" म्हटलं. हा शब्द त्यांनी मला उद्देशून कधी वापरलेला नाही. वेग जरा वाढला. आणि जुन्या गाडीत ज्या क्षणी दुसरा गिअर टाकायची वेळ यायची, नेमक्या त्या क्षणी बाबांचा डावा पाय उठला, क्लच शोधायला गेला, तिथे त्याला एक रुंद पेडल सापडलं आणि त्याने ते आयुष्यभराच्या निष्ठेने तळापर्यंत दाबलं.

ते ब्रेकचं होतं.

गाडी थांबली. आम्ही थांबलो नाही. टायवाल्याच्या हातातली माहितीपुस्तिका काचेला जाऊन चिकटली. आईच्या मांडीवरची अंडी पुढे गेली आणि टायवाल्याच्या कॉलरमध्ये विसावली. त्याच वेळी बाबांचा डावा हात सवयीने गिअरच्या दांड्याकडे गेला होता. दांडा नव्हता, टायवाल्याचा गुडघा होता. बाबांनी गुडघ्याला दुसऱ्या गिअरमध्ये टाकलं.

टायवाला चांगल्या घरचा असावा. त्याने पूर्ण आठवडा काढला. रोज सकाळी बाबा शपथ घेऊन बसायचे आणि रोज तो पाय उठायचा. बाबांनंतर उरलेल्या वेळात टायवाला मला स्टिअरिंगपाशी बसवायचा, ते केवळ स्वतःला विश्रांती मिळावी म्हणून. आणि तिथे तो चमत्कार झाला. माझा डावा पाय काहीच करेना. तो आयुष्यात काही शिकलेलाच नव्हता, तर विसरणार काय? तो सतरंजीवर पडलेल्या मांजरासारखा निवांत पडून राहिला आणि मी गाडी लोण्यासारखी चालवली. आठवड्याअखेर मी परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झालो. टायवाल्याने माझा हात हातात घेऊन दाबला, लायसनवाला माणूस आता घरातच आहे तेव्हा माझी गरज नाही असं सांगितलं, आणि तो इतक्या वेगाने गेला की टाय मागे राहिला.

मी लायसन आणून टेबलावर ठेवलं. घरातल्या कोणीतरी काहीतरी म्हणावं अशी माझी अपेक्षा होती.

"त्याला डावा पायच येत नाही, म्हणून पास झाला," आई म्हणाली, आणि ते चूक नव्हतं.

बाबांनी लायसन उचललं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि खाली ठेवलं. "उद्या सकाळी वेळेवर खाली ये," ते म्हणाले. "शिकाऊ माणसाला ताटकळत ठेवायचं नसतं."

त्या वाक्यात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. नव्हता. तिथून पुढे मी त्यांचा मास्तर झालो. ज्या माणसाने मला चौकाचौकात "हळू सोड, हळू सोड" म्हणून ऐकवलं, त्याला मी "बाबा, पाय" म्हणायचो आणि तो माणूस शाळकरी मुलासारखा "हो हो" म्हणायचा. मला यात फार मजा येईल असं वाटलं होतं. पहिल्या दिवसानंतर आली नाही.

एवढ्यात शहरात इतरांच्या विजेच्या गाड्याही दिसायला लागल्या होत्या, आणि बाजाराच्या सिग्नलवर बाबांना ते दिसलं. दिवा हिरवा झाला. समोरच्या पाच-सहा विजेच्या गाड्या एकदम निघाल्या आणि जराशा पुढे जाऊन एकदम थांबल्या. कवायत चालल्यासारख्या. मग पुन्हा निघाल्या, पुन्हा थांबल्या. बाहेरगावच्या लोकांचा म्हणे समज झाला होता की इथली माणसं फार सभ्य आहेत, चौकात एकमेकांना 'आधी तुम्ही' करतात. बाबा त्या लाल दिव्यांकडे बघत राहिले. सगळे आमच्याकडे शिकलेले.

"हा माझा पाय आहे," ते म्हणाले. "शहरभर."

त्यांच्या आवाजात लाज होती आणि, खोटं कशाला बोलू, किंचित अभिमानही होता. पण त्या दिवसापासून ते शाळा बंद करायचं बोलले नाहीत. जे आपण लावलं ते आपणच काढायला हवं, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि परवाना गेला तर काढणार कुठे बसून?

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. दंतवैद्य म्हणाले, "सर, एक इंजेक्शन देतो. दोन तास पायाला काही कळणार नाही."

"पण ते हिरडीचं असतं ना?" मी म्हणालो.

"मज्जातंतू तो मज्जातंतू," दंतवैद्य म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनी बोलणं वगैरे काही केलं नाही. त्या टेप घेऊन आल्या, बाबांच्या पोटरीचं माप घेतलं आणि संध्याकाळी एक सुंदर पट्टा शिवून आणला. आतून मऊ अस्तर, बाहेरून जाड कापड, बकलसह. एक टोक पायाला, दुसरं सीटच्या खालच्या दांड्याला. "कापड गाडीच्या रंगाला जुळतंय बघा," काकू म्हणाल्या. जुळत होतं. या इमारतीत लोक मदत करतात तेव्हा अर्धवट करत नाहीत.

पट्ट्याने काम केलं. बाबांनी पहिल्यांदाच एकही झटका न देता शहराला फेरी मारली. मला वाटलं जिंकलो. बाबांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या आनंदात त्यांनी सवयीने गाडी पेट्रोल पंपावर घातली.

पंपावरचा माणूस आमच्याच शाळेचा. त्याचा धंदा या धोरणाने आधीच निम्मा झाला होता. त्याने बघितलं, की सर विजेच्या गाडीतून आले आहेत. पेट्रोल तर यांना नको आहे, मग हे कशाला आले असतील? बाबांना चूक कळली होती, पण आल्यासारखं टायरची हवा तरी बघून घ्यावी म्हणून त्यांनी दार उघडलं आणि ते उतरले. उजवा पाय उतरला. डावा काकूंच्या पट्ट्यात होता. काकूंच्या शिवणीला दाद द्यायला हवी. पट्टा उसवला नाही. बाबा पंपासमोर संपूर्ण आडवे झाले, हात पुढे, कपाळ जमिनीला.

पंपवाल्याचे डोळे भरून आले. "सर," तो म्हणाला, "असा निरोप आजपर्यंत कोणी घेतला नाही." त्याने बाजूला होऊन टोपी काढली. मागच्या गाडीतले लोकही खाली उतरून उभे राहिले. अशा वेळी खरं सांगणं क्रूरपणाचं झालं असतं, म्हणून बाबा आणखी थोडा वेळ तसेच पडून राहिले. माझ्या बाबांचा मोठेपणा मला ज्या ज्या वेळी दिसला, त्यांतली ही एक.

घरी आल्यावर आईने गुडघ्याला मलम लावलं आणि पट्टा काकूंना परत केला.

"पायाला बांधून काय होणार?" ती म्हणाली. "त्याला काम नाही म्हणून तो भटकतोय. तुम्ही घरी बसलात तर तुमचं जे होईल तेच त्याचं झालंय. काम द्या त्याला."

"काय काम?"

"जे त्याला येतं ते."

आमची जुनी गाडी तेव्हा अजून दारातच होती. ती आमच्यातच इतकी वर्षं राहिली होती की आम्ही तिला मावशी म्हणायचो. धोरणाप्रमाणे ती भंगारात द्यायची होती आणि दुसऱ्याच दिवशी तिला न्यायला ट्रक येणार होता. बाबा संध्याकाळी पाना घेऊन मावशीत शिरले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तिचा क्लच होता. पेडल आणि स्प्रिंग, पाय लागून लागून चकचकीत झालेला. कोपऱ्यावरच्या वेल्डरने तो जावईबापूंच्या ब्रेकच्या डाव्या बाजूला बोल्टने बसवून दिला. तो कशालाच जोडलेला नव्हता. दाबला की जायचा, सोडला की यायचा.

बाबा बसले. गाडी निघाली. दुसऱ्या गिअरची वेळ आली, डावा पाय उठला, क्लचवर गेला, त्याने तो दाबला आणि हळू, फार हळू सोडला. गाडीला यातलं काही कळलं नाही. ती आपली चालत राहिली. डावा पाय समाधानाने खाली आला. निवृत्त माणसाला सोसायटीच्या कमिटीवर घेतात, तसला तो प्रकार होता. सकाळी ट्रक मावशीला घेऊन गेला तेव्हा बाबांनी तिच्या टपावर हात ठेवला आणि म्हणाले, "मुख्य भाग ठेवून घेतलाय."

परीक्षेच्या दिवशी परीक्षक साहेब गाडीत बसले. तेही आमच्याच शाळेचे, पण पदावर आल्यापासून ते कोणालाच ओळखत नसत, आणि ही त्यांची ख्याती होती. त्यांनी वाकून खाली बघितलं.

"हे काय आहे, सर?"

"क्लच."

"या गाडीला क्लच नसतो."

"माहीत आहे."

"मग हा कशाला जोडलाय?"

"पायाला," बाबा म्हणाले.

साहेबांनी नियम सांगितला: मंजूर नसलेला कोणताही भाग गाडीत चालणार नाही. मी मध्ये पडलो, "साहेब, तो नुसता पाय ठेवायला आहे." साहेब म्हणाले, "मग सतरंजी ठेवा." मला त्यांचा राग आला नाही. नियम वाकवणारे अधिकारी ढीगभर मिळतात, असा एखादाच. मी पान्याने क्लच काढला आणि तो मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसलो. शिकाऊ उमेदवाराबरोबर आलेला लायसनधारक म्हणून मला बसता येत होतं. त्या कागदावर माझं नाव 'मार्गदर्शक' या रकान्यात होतं आणि कोणी ते पुसलं नव्हतं.

गाडी निघाली. वेग वाढला. मी पुटपुटलो, "बाबा, पाय." पाय उठला. ब्रेक लागला. साहेबांचा चष्मा डॅशबोर्डवर गेला.

"एक चूक माफ असते, सर," साहेब चष्मा शोधत म्हणाले. "दुसरी नसते."

 ही गाडी आवाज करत नाही याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. बाबा थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग खाली वाकले, डाव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढला, मोजा बुटात घातला आणि तो माझ्याकडे मागे दिला.

"धर."

जो माणूस नाडी सैल असली तरी विद्यार्थ्याला गाडीतून उतरवायचा, त्याचा बूट माझ्या हातात होता. "बाबा, हे काय?"

"बूट नसला," बाबा म्हणाले, "की त्याला वाटतं आपण घरी आहोत."

आणि ते निघाले. मी पुढे वाकून बघत होतो. वेग वाढला. पाय किंचित हलला, बोटं पसरली, गार मॅटवर टेकली आणि तिथेच राहिली. बाजार गेला, सिग्नल गेला, शाळेचं वळण गेलं. झटका नाही. साहेबांनी चष्मा घट्ट धरला होता तो हळूहळू सोडला. "टाकीवर घ्या," ते म्हणाले.

चढाच्या मध्यावर साहेबांनी थांबायला सांगितलं. "आता ब्रेकवरून पाय काढा, सर."

बाबांनी पाय काढला. आयुष्यभर ज्या चढावर त्यांनी गाडी डाव्या पायाने तोलली होती, त्या चढावर गाडी एकटीच उभी राहिली. पुढे नाही, मागे नाही. बाबांनी दोन्ही पाय मागे ओढून घेतले आणि ती घरंगळायची वाट बघितली. ती घरंगळली नाही. मी आरशात त्यांचा चेहरा शोधत होतो आणि तो सापडू नये असंही मला वाटत होतं. त्यांची सगळी विद्या त्या गाडीत कोणीतरी आधीच भरून ठेवली होती.

"किती दिवस लागले असतील हिला शिकायला," बाबा म्हणाले.

"शिकवावं लागत नाही, सर. कारखान्यातून अशीच येते."

"असं कसं होईल? कोणीतरी शिकवलंच असणार," बाबा म्हणाले आणि त्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवला. "ज्याने शिकवलं, त्याचा पाय फार चांगला होता."

 साहेब बराच वेळ टाकीकडे बघत होते. "याच चढावर तुम्ही मला रडवलं होतं, सर," ते शेवटी म्हणाले, आणि लगेच त्यांचा आवाज पुन्हा सरकारी झाला. "परीक्षा संपली. निकाल लागेपर्यंत उमेदवाराने चालवायची नाही असा नियम आहे. या बाजूला या. परत मी नेतो."

जागा बदलल्या. साहेबांनी आरसा नीट केला, सीट पुढे घेतलं, पट्टा लावला. अगदी त्याच क्रमाने. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. गाडी उताराला लागली, वेग वाढला, आणि दुसऱ्या गिअरची वेळ आली.

माझ्या मांडीवरचा क्लच उडून पुढे गेला आणि साहेबांच्या पायाशी जाऊन पडला.

 साहेबांनी खाली क्लचकडे बघितलं, मग स्वतःच्या डाव्या पायाकडे. ऑफिसच्या विजेच्या गाडीला त्यांनी ड्रायव्हर का ठेवलाय, याबद्दल शहरात उगाच काहीबाही बोललं जायचं. बाबांनी घसा खाकरला. तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो.

"साहेब," बाबा म्हणाले, "डावा बूट काढा."

निकाल काय लागला ते साहेबांनी सांगितलं नाही. त्यांनी बूट काढला.

आता शाळा सकाळपासून भरलेली असते. नवीन लोक थोडे. बहुतेक सगळे जुने विद्यार्थी, पाय विसरायला आलेले. पंपवालाही येतो, त्याच्या पंपावर आता चार्जर बसलेत. दाराशी बुटांचं कपाट आहे आणि त्यात फक्त डावे बूट असतात. मागे एकदा चोर आला होता. त्याने सगळं कपाट पोत्यात भरलं, कोपऱ्यावर जाऊन नीट बघितलं आणि सगळं परत आणून ठेवलं, जोडीने नाही म्हणून उंचीने लावून. बाजारातल्या सिग्नलवर गाड्या एकदाच निघतात. हवा खरंच बदलली आहे. गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या टेकडीवरची झाडं दिसतात. आवाजही गेलाय, इतका, की सकाळी उठवणारी घरघर मावशीची नव्हती, दंतवैद्यांच्या मशीनची होती, हे इमारतीला आत्ता कळलं. त्यांना कमिटीने पत्र दिलंय.

पाटीवरचं वाक्यही बाबांनी बदललं: 'येथे डावा पाय विसरायला शिकवतात.' एक मजकूर मीही सुचवला होता, तो त्यांनी घेतला नाही.

तो क्लच घरी आहे. बाबांनी तो जेवणाच्या टेबलाखाली त्यांच्या खुर्चीसमोर बसवून घेतलाय. आई काही बोलायला लागली की ते तो दाबतात आणि उत्तर देताना हळूहळू सोडतात. आई म्हणते, इतक्या वर्षांत घरात एवढी शांतता नव्हती. परवा ते सोफ्यावर पेपर वाचत होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी जाऊन त्यांच्या खुर्चीत बसलो, टेबलाखाली डावा पाय घातला, तो क्लच दाबला आणि सोडला.

"पाडलीस बंद," बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले.